चोवीस व्होल्टांचं खातं

वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू लेजरसारखी दिसू लागते, त्याला इलाज नाही. मी कॉमर्सचा. विजेशी माझा संबंध बिलापुरता. तरीही रेवदंड्याच्या रस्त्यावर बॅटरी चार्जिंगचं एक दुकान आहे, तिथे मी सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास बसतो. मिस्त्री आमचे खातेदार. आणि त्यांचा धंदा थेट आमच्यासारखाच : लोक भरतात कमी, काढतात फार.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे बर्फ आणणारे आणि मासळी नेणारे ट्रक. बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडल्या की चोवीस होतात. आमच्या भाषेत जॉइंट अकाउंट. त्यात एक नवी आणि एक म्हातारी जोडली, की म्हातारी नवीलाही घेऊन बुडते. "जोडी एका वयाचीच घ्यावी, साहेब," असं मिस्त्री सांगतात, तेव्हा ते फक्त बॅटऱ्यांबद्दल बोलत असतात असं मला वाटत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या वाळूवर, ट्रक माडाखाली. मालकाची समजूत अशी, की काढलं नाही म्हणजे शिल्लक तेवढीच! पण बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. (व्यवहार नसला तरी चार्जेस कापणं हा आम्हां बँकवाल्यांचा शोध नव्हे, गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली ही शिसे-अ‍ॅसिडची बॅटरी केली, तेव्हापासून ती हेच करते आहे.) उतरलेली तशीच ठेवली, की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, घट्ट बसतं, आणि मग ती चार्जिंग घेतच नाही. बुडीत कर्ज! खरं तर केबल सोडून ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्याने चार्ज करून घ्यायची, एवढंच काम. पण नारळी पौर्णिमा तोंडावर आल्याशिवाय कुणाला बॅटरी आठवत नाही.

त्यात आमचं खारं वारं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, सेलची बुचं मात्र घट्ट लावून. मग कोरडं करून वर व्हॅसलीन. आतलं पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. अ‍ॅसिड नाही, कारण उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. विहिरीचं पाणी तर नाहीच. आमच्या विहिरी निम्म्या समुद्राच्याच असतात.

हे सगळं मी गमतीने लिहितो आहे, पण चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो, ही गंमत नव्हे. एका क्लीनरने रात्री सेलमध्ये पाणी किती ते बघायला काडी ओढली. बॅटरीचं वरचं कवच छपराला जाऊन लागलं आणि अ‍ॅसिड पोराच्या तोंडावर. मिस्त्रींनी त्याला धरून नळाखाली घातला, ओरडू दिला, पण डोळ्यांवरची धार वीस मिनिटं हलू दिली नाही. मग दवाखाना. डोळे वाचले.

तेव्हापासून दुकानाच्या खिडक्या भर पावसातही उघड्या असतात आणि मिस्त्रींच्या डोळ्यांवर चष्मा असतो. काम करताना अंगठी खिशात. बॅटरी काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जरचे चिमटे लावून झाल्यावरच बटण, आणि बटण बंद केल्यावरच चिमट्यांना हात. आमच्या कॅशियरसुद्धा तिजोरीच्या दोन किल्ल्यांचं एवढं करत नाही.

तो पोरगा आता मिस्त्रींकडेच कामाला आहे. बिडी काही सुटलेली नाही. पण ती ओढायला तो रस्ता ओलांडून पलीकडच्या माडाखाली जातो, आणि परत आला की मिस्त्री त्याला आधी काडेपेटी दाखवायला लावतात.