दुसरा राउटर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या गुलमंडीच्या काकूंचं. परवा विचारत होत्या, "अरे, तू इंटरनेटमध्ये आहेस म्हणजे नक्की करतोस तरी काय?" म्हटलं, एकदा नीट उत्तर द्यावंच.

तर मंडळी, आपल्या संभाजीनगरात आमच्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या घरातला मोडेम सुरू झाला की युजरनेम-पासवर्ड पाठवून आमच्या एका मोठ्या राउटरशी 'सेशन' जोडतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात, १९९९ पासूनची आहे. कोणाचं सेशन कोणत्या नंबरचं, त्याला कोणता आयपी पत्ता दिलाय, प्लॅनचा वेग किती, डेटा किती वापरला, हे सगळं त्या राउटरच्या लक्षात असतं. हजारो घरांची वही एका पेटीत!

तीन-चार वर्षांपूर्वी एका रात्री अशाच एका पेटीतलं कार्ड जळालं. गंमत म्हणजे शेजारी दुसरा राउटर व्यवस्थित चालू होता. वीज होती, फायबर शाबूत होती. तरी सगळी सेशन तुटली, कारण दुसऱ्याला कुणाची ओळखच नव्हती. मोडेम अधूनमधून "आहेस का?" असं विचारत असतो. काही वेळा उत्तर आलं नाही की तो नव्याने लॉगिन करतो. सगळ्यांनी ते एकदमच केलं आणि पासवर्ड तपासणारा सर्व्हर गुदमरला. पहाटेपर्यंत शिव्या खाल्ल्या.

नंतर आम्ही दोघांची जोडी लावली. सेशन जोडलं गेलं की पहिला त्याची नोंद लगेच दुसऱ्याला कळवतो. पहिला बंद पडला तर दुसरा त्याचाच पत्ता घेऊन उभा राहतो आणि मोडेमला "आहे" म्हणतो. व्हिडिओ कॉलवर चित्र क्षणभर थबकतं, बस. कुणाला काही कळत नाही. हेच माझं काम.

आणि गेल्या दिवाळीनंतर बाबांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. काउंटरवर मेडिक्लेमची पॉलिसी मागितली. आईला माहीत नाही. रोजच्या गोळ्या कोणत्या? तेही नाही. बँक, विमा, लॉकरची किल्ली, सगळं बाबांच्या डोक्यात. चाळीस वर्षं आई शेजारी आहे, धडधाकट आहे, पण तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. रात्री बाकड्यावर बसल्यावर लक्षात आलं, माझ्या बायकोला तरी मी कुठे काय सांगितलंय?

बाबा आता बरे आहेत. दर रविवारी दोघं वही घेऊन बसतात. पहिल्या दिवशी बाबा रुसले. "मी काय चाललोय का कुठे?"

आई म्हणाली, "अहो, तुम्ही इथेच राहा. पण मलाही माहीत असू दे की."

मग तिने आपलाही कारभार त्यांना लिहून घ्यायला लावला. दुधाचा हिशेब, कुळाचार, कुणाच्या लग्नात काय आहेर केला. बाबांची चार पानं झाली, आईची अकरा.

आमची वही परवा आणलीय. अजून कोरी आहे. हे पोस्ट टाकलं की बसतो.

काय काकू, कळलं का आता?