सुई आणि संजीवनी

कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे देऊळ आहे. संजीवनी विद्या त्यांच्याकडे होती आणि कचाने ती इथेच मिळवली, असे आम्ही गावकरी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. सांगायची राहून जाते ती पुढची गोष्ट. वामनावतारात झारीच्या तोटीत जाऊन बसलेल्या या आचार्यांचा डोळा दर्भाच्या काडीने फुटला, तो काही परत आला नाही. मेलेल्याला उठवणारी विद्या जवळ, आणि स्वतःचा डोळा दुरुस्त होईना!

हे आठवण्याचे कारण माझी थोरली बहीण, अक्का. वय ६७. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या जन्मभर चढली-उतरली. पण गेल्या वर्षापासून घरातला जिना उतरतानाही कठडा सुटेना. शेजारच्या वहिनींनी सांगितले, गुडघ्यात एक इंजेक्शन घेतले की माणूस धावत सुटतो. झाले! अक्काने हिशेब मांडला: आधी सुई, मग सप्तशृंगीच्या गडाच्या पायऱ्या, मग आषाढीला पायी पंढरपूर.

नाशिकच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "मावशी, सुईने दुखणे कमी होईल. झिजलेली गादी पुन्हा उगवणार नाही."

मला हा डॉक्टर एकदम आवडला. अक्काला मुळीच आवडला नाही.

"मग हवी कशाला सुई?"

डॉक्टर न कंटाळता सांगत राहिले. हे औषध कॉर्टिसोनच्या कुळातले. कॉर्टिसोनवर काम करणाऱ्यांना १९५० साली नोबेल मिळाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या हॉलंडर यांनी या कुळातले औषध थेट सांध्यात टोचल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. सूज उतरते, काही दिवसांत बरे वाटते. पण ते सुख काही आठवड्यांचे, फार तर तीनेक महिन्यांचे. बरे, पुनःपुन्हा टोचावे म्हटले तर तेही नाही. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे सुई घेतलेल्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा त्यांचे दुखणे काही कमी नव्हते, गादी मात्र जास्त झिजली होती.

"ती वंगणाची सुई असते ना?" अक्काची चौकशी पक्की होती. असते. तिच्यातले हायलुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, हे ऐकताच माझ्या शाकाहारी बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला! ती महाग, आणि सरासरीने पाहता गुण बेताचाच. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची सुईही २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या तपासणीत वर्षअखेर मिठाच्या पाण्यापुढे सरस ठरली नाही. मिठाच्या पाण्यानेही पुष्कळांना बरे वाटते, हे मला तरी सगळ्यांत नवलाचे वाटले.

अक्काला मधुमेह आहे. या सुईने काही दिवस साखर चढते, म्हणून करंज्या आणि सुई एका आठवड्यात नकोत, असे बजावून डॉक्टरांनी दिवाळीच्या पुष्कळ आधी सुई दिली. पाचव्या दिवशी ती कठडा न धरता खाली उतरली आणि तडक पंढरपूरच्या गोष्टी बोलू लागली. पण दुखणे दबले आहे तेवढ्यात मांडीचे स्नायू बळकट करून घ्यायचे, खरी कमाई तीच, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. म्हणून रोज सकाळी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा आणि दहा आकडे मोजायचे. ते मोजण्याचे काम माझ्याकडे. मी भराभर मोजतो अशी तिची तक्रार आहे. वजन एक किलो उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो, हे कळल्यावर दुपारच्या चहातली बिस्किटे बंद झाली. माझीसुद्धा!

अडीच महिन्यांनी दुखणे परतले, मात्र पहिल्याइतके नाही. पुढे शस्त्रक्रिया आहेच; अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली मुंबईत दोन्ही गुडघे बदलून घेतले होते. अक्का म्हणते, एवढ्यात नको. गडावर ती ट्रॉलीने जाऊन आली, देवीला मात्र पायऱ्यांबद्दल काही बोलली नाही म्हणे. यंदा भाऊबीजेला मी खुर्चीवर बसायचे आणि तिने उभ्यानेच ओवाळायचे, असे ठरले आहे. पाट माळ्यावर गेला.