फायनलच्या आदल्या दिवशी

फुटबॉल क्लबने मॅनेजरला नवा करार कधी द्यावा? बहुतेक फॅन्सचं उत्तर ठरलेलं असतं: टीम जिंकत असेल तर लगेच, हरत असेल तर कधीच नाही. मी मँचेस्टर युनायटेडची फॅन आहे. आमच्या क्लबने हे उत्तर वापरून बघितलंय, आणि त्याची किंमतही मोजलीये.

डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्योला काढल्यावर ओले गुन्नार सोल्शायर तात्पुरता मॅनेजर म्हणून आला. पहिल्या १९ सामन्यांत त्याने १४ जिंकले. त्यातला एक सामना पॅरिसमधला, ६ मार्च २०१९ चा. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, तरी मी जागी होते. पीएसजीविरुद्ध घरच्या मैदानावर ०-२ हरलेली आमची टीम तिथे जाऊन ३-१ जिंकली आणि चॅम्पियन्स लीगच्या पुढच्या फेरीत गेली. आमचाच माजी खेळाडू रिओ फर्डिनंड टीव्हीवर सांगत होता की करार टेबलावर ठेवा आणि ओलेला हवा तो आकडा लिहू द्या. त्या क्षणी माझ्याकडे कागद असता, तर मीही सही करून टाकली असती. तीन आठवड्यांनी, २८ मार्चला, क्लबने खरोखरच त्याला तीन वर्षांचा करार दिला. त्यानंतर सीझनचे १० सामने उरले होते. त्यातले दोन जिंकलो.

पॅरिसमधले ते तीन गोल आठवून बघा. पहिला त्यांच्या बचावपटूच्या चुकलेल्या पासमुळे. दुसरा बुफॉनच्या हातून सुटलेल्या चेंडूमुळे. तिसरा जादा वेळेत, व्हीएआरने दिलेल्या पेनल्टीवर. संधी साधणं हेही कौशल्यच, मान्य. पण पुढची तीन वर्षं संघ कसा खेळेल याचा अंदाज या तीन गोलांवरून बांधता येत नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. सर्व्हर पाच मिनिटं सुसाट चालला म्हणून आम्ही तो मोठ्या सेलच्या दिवशी टिकेल असं धरून चालत नाही. फुटबॉलमध्ये तर एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम तीन गोल होतात. इतक्या कमी आकड्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि १९ सामने वाटतात तेवढे जास्त नसतात.

पाच वर्षांनी हेच पुन्हा झालं. एरिक टेन हागच्या हाताखाली २०२३-२४ मध्ये युनायटेड लीगमध्ये आठवी आली. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा तोपर्यंतचा आमचा सगळ्यात खालचा क्रमांक. पण २५ मे २०२४ ला एफए कपच्या फायनलमध्ये आम्ही मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं. जुलैमध्ये टेन हागचा करार २०२६ पर्यंत वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. तो आणि त्याच्यासोबत गेलेली माणसं यांच्यापायी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४ लाख पौंडांचा खर्च लागला.

क्लबवाले मूर्ख नसतात. त्यांचीही एक अडचण असते. मॅनेजरच्या कराराचं शेवटचं वर्ष उरलं की ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज सुरू होते. पाच वर्षांसाठी येणारा नवा खेळाडू विचारतो, पुढच्या वर्षी कोच कोण असेल? म्हणून स्थैर्याच्या नावाखाली करार वाढवला जातो. २०२१ च्या जुलैमध्ये सोल्शायरचा करार असाच २०२४ पर्यंत वाढवला होता. टीम लीगमध्ये दुसरी आली होती, त्यामुळे निर्णय वेडगळ वाटत नव्हता. पण ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलने आम्हाला ५-० धुतलं, नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डने ४-१, आणि दुसऱ्या दिवशी ओले गेला. करारावरच्या तारखेने मॅनेजर टिकत नाही. त्या तारखेने फक्त त्याला काढायची किंमत ठरते.

आता दुसरी बाजू. युर्गन क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला. पहिल्या सीझनमध्ये लीग कपची फायनल हरला, युरोपा लीगची फायनल हरला, लीगमध्ये टीम आठवी. त्या जुलैमध्ये क्लबने त्याला सहा वर्षांचा नवा करार दिला. एकही कप नसताना! २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली, २०२० मध्ये ३० वर्षांनी लीग. आर्सेनलचं तसंच. मिकेल आर्तेताच्या हाताखाली ते लागोपाठ दोनदा आठवे आले होते. २०२१-२२ चे पहिले तीनही लीग सामने ते एकही गोल न करता हरले. तरी त्याच सीझनच्या शेवटी, मे महिन्यात, त्याला २०२५ पर्यंतचा करार मिळाला. पुढचे तीनही सीझन आर्सेनल दुसरं आलं.

या दोन क्लबांना भविष्य दिसत होतं असं नाही. पण रोजचा सराव त्यांना दिसत होता: कोणता खेळाडू सुधारतोय, नवी पोरं कुठे बसतायत, हरल्यावर मॅनेजर काय बदलतो आणि काय बदलत नाही. स्कोअरबोर्ड सगळ्या जगाला दिसतो. हे फक्त क्लबला दिसतं, आणि निर्णय यावरच व्हायला हवा.

हे सगळं मला इतकं लागतं, त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या टीममध्ये एक टेस्टर थर्ड पार्टी पेरोलवर आहे. वयाने मोठा, दोन मुलं, घराचे हप्ते. दर सहा महिन्यांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही यासाठी आमच्याकडे फीडबॅक मागतात. गेल्या खेपेला फॉर्म आला तो एका फसलेल्या रिलीजनंतर तिसऱ्या दिवशी. त्या मीटिंगमध्ये सगळे त्या शनिवार रात्रीबद्दलच बोलत होते. मी सहा महिन्यांची बग्जची यादी काढली आणि त्याने वेळेत पकडलेले, म्हणून कुणाच्या लक्षातही न राहिलेले, बग्ज एकेक करून वाचून दाखवले. कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण तीनच महिन्यांनी. तो म्हणाला, "अगं, तीन महिन्यांचं एक्स्टेंशन म्हणजे तीन महिन्यांची नोटीसच की." त्याच आठवड्यात त्याने नोकरी शोधायला सुरुवात केली.

त्याला काढलं असतं, तर १ कोटी ४ लाख पौंड सोडा, महिन्याचा जादा पगारही मिळाला नसता. मॅनेजरला काढणं महाग असूनही क्लब घाईत सही करतात. मग जिथे माणूस काढायला काहीच लागत नाही, तिथे नीट विचार कोण करणार?

म्हणून माझी क्लबसाठी एक साधी सूचना आहे. करार द्यायचा की नाही, हे फायनलच्या आदल्या दिवशी कागदावर लिहावं, कारणांसकट. दुसऱ्या दिवशी कप आला किंवा गेला, तरी ती कारणं उभी राहत असतील, तर द्यावा. कप जिंकल्याबद्दल बोनस द्यावा, उघड्या बसमधून मिरवणूक काढावी, हवं तर स्टँडला नाव द्यावं. झालेल्या कामाचे आभार मानायचे हे चांगले रस्ते आहेत. करार पुढच्या कामासाठी असतो. तो ज्याला द्यायचा, त्याला तोलूनमापून तीन महिन्यांचा देऊ नये. क्लॉपला लिव्हरपूलने सहा वर्षं दिली होती, दोन फायनल हरल्यावर.