लादीचा सांधा

कोल्हापुरातील फुटबॉलचा हंगाम पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की सुरू होतो, आणि हरळी ही उष्णतेवर पोसणारी वनस्पती असल्यामुळे नेमक्या त्याच सुमारास ती आपली वाढ आवरून घेते. ज्या दिवसांत बुटांच्या खिळ्यांनी तिची सर्वाधिक हानी होते, त्याच दिवसांत ती हानी भरून काढण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी सर्वांत कमी असते, हा विरोध मैदानाच्या चाकरीत आयुष्य घालवलेल्या प्रत्येक माळ्याने निमूटपणे पत्करलेला असतो. मध्यरेषेजवळची झीज उन्हाळ्यात पाणी मिळाले की आपोआप भरते. तिची जिकीर मी कधी केली नाही. गोलच्या तोंडाची गोष्ट निराळी. ७.३२ मीटर अंतरावरच्या दोन खांबांपुढे गोलरक्षक सबंध हंगाम त्याच चार पावलांत वावरतो, तेथेच टाच रोवतो, तेथेच अंग टाकतो. आणि आमची काळी माती अशी की ओली असताना तुडवली गेली तर ती दगडासारखी आवळते आणि वाळली की भेगाळते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही, आणि हवेवाचून गवत पाण्यातसुद्धा मरते.

मग मातीसकट कापून काढलेल्या हरळीची लादी तेथे बसवणे आले. ती कशी काढावी, किती जाड असावी, हे सांगत बसत नाही. मला आयुष्यभर ज्याने छळले तो लादीचा सांधा. मधले गवत पहिल्या आठवड्यातच तरतरीत दिसू लागते, परंतु जुन्या आणि नव्या गवताची जेथे गाठ पडायची ती बोटभर रेघ सर्वांआधी सुकते, सर्वांआधी पिवळी पडते, आणि धावत्या खेळाडूचा पाय अडकायचा तर तेथेच अडकतो. पंचगंगेचा पोयटा चाळून, त्यात वाळू आणि पुरते कुजलेले शेणखत मिसळून मी तो सांधा भरत असे; लादी पुढे बसणार हे ध्यानात घेऊन ती किंचित उंच ठेवत असे; धुम्मस मारताना कडेकडेने आत येत असे; पहिले काही दिवस दिवसातून तीन वेळा, परंतु थोडेथोडेच पाणी देत असे. एवढे करूनही डिसेंबरात बसवलेल्या पुष्कळ लाद्यांचे सांधे जानेवारी उलटेपर्यंत उघडेच राहत.

याचे कारण बहुतांशी मातीत असते, आणि ते हल्लीच्या लॉनच्या ठेकेदारांना पटवून देणे मला आजवर साधलेले नाही. तांबड्या मातीवर वाढवलेल्या लाद्या ट्रकमधून आणायच्या आणि काळ्या मातीवर अंथरायच्या, हा त्यांचा शिरस्ता. दोन जातींच्या मातींच्या सीमेवर पाण्याची चाल बदलते. वरचा थर वाळतो तेव्हा खालचा चिंब असतो, आणि मूळ त्या सीमेपर्यंत येऊन आडवे पसरते. उद्घाटनाच्या दिवशी मान्यवरांना मैदान हिरवेगार दिसते, छायाचित्रे निघतात, बिलाची रक्कम चुकती होते. आणि कडा वर वळू लागतात तेव्हा ते निस्तरण्याची जबाबदारी पगारी माळ्यावर येते. मैदानाच्याच एका कोपऱ्यात, त्याच मातीत, वर्षभर लाद्या वाढवून ठेवण्याची तजवीज ज्या संस्थेने केलेली नाही, तिने हिरवळीच्या गोष्टी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या अभिमानाविषयीही येथे लिहिले पाहिजे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी प्रेक्षकांच्या अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसत असे आणि आपण बसवलेली लादी तेथून ओळखू येते का हे पाहत असे. ती ओळखू आली नाही म्हणजे मला जो आनंद होई, तो दुसऱ्या दिवशी कोणत्याही संघाच्या विजयाने होत नसे; आणि दुसऱ्या मैदानाचा माळी सामना पाहायला आला, तर त्याला मुद्दाम गोलच्या मागून नेऊन यंदाची जोड ओळखून दाखवा असे म्हणण्याचा मोह मला आवरत नसे. लादीची कड ओळंब्यात सरळ कापलेली असावी, खड्ड्याची भिंत फावड्याने तासून गुळगुळीत असावी, यात माझी सारी प्रतिष्ठा गुंतलेली होती. आजही सरळ कड पाहिली की मी थांबतो.

मधुमेहाने बोटांच्या टोकांची जाण नेल्यापासून हे काम माझ्या हाती पूर्वीसारखे राहिले नाही. सांध्यात तर्जनी पेरभर खुपसून ओल ओळखणारा मी, आता ओल आणि गारवा यांतला भेद सांगू शकत नाही. माझ्या हाताखाली एक मुलगा आहे, उसाच्या शेतावरचा. हुमणीची अळी मुळे खाऊ लागली की वरचे गवत कसे मरगळते हे त्याला मी शिकवण्याआधीपासून ठाऊक होते. गेल्या हंगामात मी जी लादी उत्तम बसली म्हणून वाखाणली, तिच्यावरून तो अनवाणी चालत गेला, परत आला आणि म्हणाला, ‘‘मामा, वरनं हिरवी दिसतीया, पर खाली धरल्याली न्हाई.’’ त्याने कोपरा उचलून दाखवला. पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या होत्या, पुष्कळ फुटलेल्या होत्या, परंतु खड्ड्याच्या भिंतीपाशी येऊन त्या वळल्या होत्या आणि लादीच्या पोटाशी जाळीसारख्या पसरल्या होत्या. ओल्या काळ्या मातीला फावड्याचे पाते जी चकाकी आणते, तिच्यातून इतके कोवळे मूळ शिरत नाही.

तो भिंत खुरप्याने ओरबाडून खडबडीत करतो. शेजारच्या जुन्या हरळीचे धावते फुटवे सांध्यावर आडवे आणून तारेच्या आकड्यांनी मातीशी दाबून ठेवतो, म्हणजे जोड खालून मुळांनी आणि वरून फुटव्यांनी अशी दोन्हीकडून होते. त्याचा सांधा महिनाभर ओबडधोबड दिसतो; वरच्या पायरीवरून तर तो सहज ओळखू येतो. पण तो धरतो. थंडीतसुद्धा धरतो, हे मी पाहिले आहे, आणि मला ते पाहून जितके समाधान वाटले तितकाच मत्सरही वाटला.

या साऱ्या खटाटोपावर एक सोपा तोडगा म्हणून प्लास्टिकची हिरवळ आता सर्वत्र सुचवली जाते. हॉकीत काय झाले ते आपण पाहिले आहे: १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा आपला संघ, मॉन्ट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम पृष्ठभागावर उतरला आणि सातव्या क्रमांकावर राहिला. तो पराभव केवळ मैदानामुळे झाला असे मी म्हणत नाही. परंतु गवतावर घोटून घडलेल्या एका कौशल्याला तेव्हापासून ओहोटी लागली, आणि ती मैदाने राखणाऱ्या माणसांची विद्याही तिच्याबरोबर गेली. मुंबईच्या ज्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत, तेथेही पुढे कृत्रिम हिरवळ आली. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला आहे. त्या पोरांना अंग टाकायला खरी माती आणि खरी हरळी मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून संघांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्याचे महिने हाच हरळीचा भरण्याचा काळ. त्या दिवसांत मैदानावर मंडप, सभा आणि सराव यांना परवानगी देऊ नये. हंगामात सरावासाठी हलवता येणारे खांब घ्यावेत आणि ते दर आठवड्याला जागा बदलून लावावेत, म्हणजे सामन्याच्या गोलचे तोंड केवळ सामन्यातच तुडवले जाईल. खांबांना येणारा खर्च एका हंगामाच्या लाद्यांपेक्षा अधिक नाही.