रेकॉर्डिंग आहे, आवाज नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
शेअर बाजार साडेतीनला बंद झाला आणि मी दलालाच्या पेढीत पोचलो. कंप्लायन्सच्या मॅडमनी आधी चहा सांगितला, मग हेडफोन पुढे केला. डीलर बोलतोय, थांबतोय, ‘बरं, घेतो’ म्हणतोय. क्लायंट काय म्हणाला त्याचा पत्ता नाही. दुसऱ्या फाइलमध्ये उलटं: क्लायंट भाव विचारतोय आणि डीलर मुका. तिसऱ्या फाइलमध्ये दोघंही नाहीत, पण फाइलची लांबी अगदी कॉलइतकी.

मॅडमची काळजी रास्त आहे. फोनवर घेतलेली ऑर्डर रेकॉर्ड करणं सेबीने २०१८ च्या परिपत्रकाने दलालांवर बंधनकारक केलं. वाद निघाला तर पुरावा दाखवायची जबाबदारीही दलालाचीच. डीलरचं नुसतं ‘बरं, घेतो’ पुढे करून काय सिद्ध होणार?

रेकॉर्डरच्या पडद्यावर सगळं हिरवं आहे. नंबर, वेळ, कालावधी, कुठेच चूक नाही. त्या यादीवर सगळे निर्धास्त होते. एका क्लायंटने सौद्यावर हरकत घेतली म्हणून फाइल उघडली गेली, नाहीतर अजूनही कळलं नसतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
‘सर, डिस्क भरली असेल का?’ हाताखालच्या मुलाचा पहिला प्रश्न. डिस्क भरली की फाइल अर्धवट राहते किंवा तयारच होत नाही. इथे फाइल पूर्ण आहे. आवाज एन्क्रिप्ट झालेला असता तर खरखर ऐकू आली असती. आवाजाचे तुकडे वाहून नेणारी नेटवर्कची पाकिटं अधूनमधून गळत असती तर शब्द तुटले असते. इथे जी बाजू ऐकू येते ती स्वच्छ आहे आणि जी नाही ती पहिल्या क्षणापासून नाही. म्हणजे एका दिशेची पाकिटं रेकॉर्डरपर्यंत येतच नाहीत.

मुलाला फळ्यावर आकृती काढून दाखवली. आयपी फोनमध्ये कॉल लावणं, उचलणं, ठेवणं हे निरोप ‘सिप’ने जातात, ते टेलिफोन एक्स्चेंजच्या सर्व्हरमार्फत. प्रत्यक्ष आवाज ‘आरटीपी’ने जातो. आमच्याकडे तो सर्व्हरला वगळून डीलरच्या फोनवरून थेट एसबीसीकडे, म्हणजे बाहेरच्या लाइन जिथे येतात त्या यंत्राकडे जातो. रेकॉर्डर यादी भरतो सर्व्हरकडून आलेल्या माहितीवर. आवाज मात्र त्याला मुख्य स्विचच्या मिरर पोर्टवरून मिळतो: एसबीसीच्या पोर्टवरून जे जाईल-येईल त्याची नक्कल. त्यामुळे यादी शाबूत आणि आवाज गायब, असं सहज होऊ शकतं.

रेकॉर्डरच्या नेटवर्क कार्डावर वायरशार्क हा पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम लावून बसलो. जी.७११ या आमच्या आवाजाच्या कोडेकमध्ये दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट, म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पाकिटं दिसायला हवीत. काही कॉलना दोन्हीकडची दिसली, काहींना एकीकडची, काहींना एकही नाही. आणि कॉलवर मात्र डीलर आणि क्लायंट व्यवस्थित बोलत होते.

संध्याकाळी बिघडलेल्या फाइली तारखेऐवजी टेबलानुसार लावल्या आणि चित्र पालटलं. एका टेबलाचा दोष कायम एकच. खिडकीजवळच्या डीलरचे सगळे कॉल मुके, त्याच्या शेजारणीचे सगळे धड. दोष सुरू झाला २७ ऑक्टोबरच्या सोमवारी.

बुधवार, ५ नोव्हेंबर
गुरुनानक जयंती, बाजार बंद. रॅक उघडायला याहून चांगला दिवस नाही.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी, २५ तारखेला, एसबीसी आणि मुख्य स्विच यांच्यात दुसरी केबल टाकली गेली होती. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून दोन्ही मिळून एक जोडणी केलेली. विचार योग्यच. पण मिरर अजून जुन्या एकाच पोर्टवर होता.

दोन केबलची जोडणी असली की कुठलं पाकीट कुठल्या केबलने पाठवायचं हे स्विच आयपी पत्त्यांवरून हिशेब करून ठरवतो. पत्ते तेच, तर केबलही तीच. म्हणून एका टेबलाचा दोष बदलत नव्हता. परतीच्या पाकिटांची केबल एसबीसी ठरवतो आणि त्याचा हिशेब वेगळा असू शकतो. दोन्ही दिशा जुन्या केबलवर पडल्या तर रेकॉर्डिंग धड. एक पडली तर एकाच माणसाचं. दोन्ही नव्या केबलवर गेल्या तर नुसती शांतता. सगळ्या तक्रारींना कारण एकच.

मिरर एका पोर्टवरून काढून संपूर्ण जोडणीवर लावला. मुलाने विचारलं, ‘सर, दोन केबलचा माल एका पोर्टवर मावेल का?’ प्रश्न नेमका होता. क्षमतेपेक्षा जास्त आलं की मिरर पोर्ट न बोलता पाकिटं टाकून देतो. हिशेब केला: आवाजाचे १६० बाइट, त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २०, इथरनेटचे १८, एकूण २१८. सेकंदाला अशी ५०, म्हणजे एका दिशेला सुमारे ८७ किलोबिट. एकाच वेळी शंभर कॉल चालले तरी दोन्ही दिशा मिळून साडेसतरा मेगाबिट. पोर्ट एक गिगाबिटचा आहे.

मग प्रत्येक टेबलावरून माझ्या मोबाइलवर फोन लावला. तिकडून मुलगा बेचा पाढा म्हणणार, इकडून मी तीनचा. दोन्ही पाढे फाइलमध्ये स्पष्ट आले तरच टेबलापुढे खूण.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
बाजार सव्वानऊला उघडला. सुरुवातीच्या गर्दीतल्या फाइली मॅडमनी स्वतः ऐकल्या. दोन्ही बाजू आहेत.

मग त्यांनी मला अपेक्षित असलेला प्रश्न विचारला: ‘मागचे कॉल परत मिळतील?’ नाही. ज्या पाकिटाची नक्कल झालीच नाही ते कुठेही साठलेलं नसतं. २७ तारखेपासूनच्या मुक्या आणि अर्ध्या कॉलची टेबलवार यादी करून दिली. त्या सौद्यांसाठी क्लायंटकडून ईमेलवर दुजोरा मागवायचं त्यांनी ठरवलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मालकांना लेखी सुचवलं: पुढच्या खरेदीत मिररचा नाद सोडावा. ‘सिपरेक’ पद्धतीत एसबीसी स्वतःच आवाजाची प्रत रेकॉर्डरला पाठवतो. आरएफसी ७८६६ हे तिचं मानक २०१६ चं आहे. मग आवाज कुठल्या केबलने गेला याने रेकॉर्डिंगला फरक पडत नाही.

तोवर नियम साधा: रॅकमधली केबल, पोर्ट, फोनचा पत्ता, काहीही बदललं तर त्याच दिवशी प्रत्येक टेबलावरून एक कॉल करायचा आणि तो दोन्ही बाजूंनी ऐकायचा. रेकॉर्डरची हिरवी यादी एवढंच सांगते की फोन झाला होता. काय बोलणं झालं ते कळायला कुणीतरी कान द्यावा लागतो, आणि ते काम पेढीने कुणाला तरी नेमून द्यावं.