‘निल’ रिपोर्टच्या पुढे

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याची फाइल उघडली की बहुतेक वेळा तोच क्रम दिसतो. आधी बाईच्या सोनोग्राफ्या, हार्मोनच्या चाचण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद सगळ्यांत शेवटी. खरं तर मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. तरी ती शेवटी होते, कारण दोष कोणाचा हे घरानं आधीच ठरवलेलं असतं.

पुरुषांच्या वंध्यत्वामागची जनुकं आणि प्रथिनं हा माझा अभ्यासाचा विषय. त्यातही ज्यांच्या रिपोर्टवर ‘निल’ असा शेरा येतो, म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही, अशा पुरुषांचे नमुने आमच्याकडे अधिक येतात. साधारण शंभरात एका पुरुषाची ही स्थिती असते. पण ‘निल’ हे निदान नव्हे. तो मोजणीचा निकाल आहे. कारण शोधल्याशिवाय पुढचा खर्च, पुढची शस्त्रक्रिया करू नये, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे.

पहिला प्रश्न असा : कारखाना बंद आहे, की माल बाहेर येण्याचा रस्ता? याचं उत्तर अनेकदा वृषणाचा तुकडा काढून तपासल्यावरच मिळतं. प्रथिनांनी इथे नवी वाट दाखवली. वीर्यातलं बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं असतं. पण त्यात वृषण आणि अधिवृषण यांच्याकडून आलेली थोडी प्रथिनंही असतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्यांतली दोन निवडली. ‘ईसीएम१’ हे प्रामुख्यानं अधिवृषणातून येतं, तर ‘टेक्स१०१’ वृषणातल्या, शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत तयार होतं. रस्ता बंद असेल, तर नसबंदीनंतर होतं तसं, दोन्ही जवळपास नाहीशी होतात. ‘ईसीएम१’ आहे पण ‘टेक्स१०१’ नाही, तर अडचण निर्मितीत आहे. सुरी न लावता, केवळ वीर्याच्या द्रवातून एवढं समजावं, ही प्रथिनांच्या अभ्यासाची मोठी देणगी आहे.

रस्ता बंद असण्याचं एक कारण जन्मजात असतं. काही पुरुषांत शुक्रवाहिन्या तयारच झालेल्या नसतात, आणि त्यामागे बऱ्याचदा ‘सीएफटीआर’ या जनुकातले बदल असतात. वृषणात शुक्राणू उत्तम बनत असतात. ते सुईनं काढून ‘इक्सी’ करता येतं, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचता येतो. मात्र त्याआधी पत्नीचंही हे जनुक तपासायला हवं. दोघांकडे बदल असतील, तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा गंभीर आजार होऊ शकतो.

निर्मितीच थांबली असेल, तर गुणसूत्रांकडे वळावं लागतं. सुमारे सहाशे मुलग्यांत एक जण एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. यालाच क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. अनेकांना हे कळतं ते लग्नानंतर, मूल होत नाही तेव्हा. दुसरं मोठं कारण वाय गुणसूत्रावर आहे. टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी १९७६ मध्ये शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत वायच्या लांब भुजेचं टोक गायब असल्याचं दाखवलं. पुढे त्या भुजेवर शुक्राणुनिर्मितीला लागणाऱ्या ‘एझेडएफ’ या भागाचे ए, बी आणि सी असे तीन पट्टे ओळखले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील अभ्यासात शुक्राणू नसलेल्या भारतीय पुरुषांपैकी सुमारे साडेआठ टक्क्यांत वायचे तुकडे गळालेले आढळले.

कोणता पट्टा गळाला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ए किंवा बी पट्टा पूर्ण गेला असेल, तर वृषणात शोधूनही शुक्राणू मिळण्याची आशा नसते. मग शस्त्रक्रियेचा घाट घालणं म्हणजे त्या माणसाला विनाकारण वेदना आणि कर्ज देणं. सी पट्टा गेला असेल, तर शुक्राणू मिळण्याची चांगली शक्यता असते. पण होणाऱ्या प्रत्येक मुलग्याकडे तेच तुटलेलं वाय जाणार. १९९२ मध्ये ब्रसेल्सहून इक्सीची पहिली यशस्वी बातमी आली, तोवर असा दोष बहुधा त्या पुरुषापाशीच संपायचा. आता तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो, म्हणून मूल जन्माला घालण्याआधी दोघांशी मोकळेपणानं बोलणं ही डॉक्टरांची जबाबदारी ठरते.

काहींच्या शुक्राणूंचा काउंट मात्र उत्तम असतो, तरी गर्भ राहत नाही. शुक्राणू घडताना त्याच्या डीएनएभोवतीची हिस्टोन प्रथिनं जाऊन प्रोटॅमिन येतात आणि डीएनए इतका घट्ट बांधला जातो की जनुकांचं वाचन थांबतं. म्हणजे पुढच्या प्रवासाची बहुतेक प्रथिनं आधीच तयार ठेवावी लागतात. ‘पीएलसी झीटा’ हे त्यांपैकी एक. स्त्रीबीजात शिरल्यावर तेच कॅल्शियमच्या लाटा उठवून बीजाला जागं करतं. ते नसेल, तर इक्सी करूनही फलन होत नाही. नेमकं हे कळलं, तर प्रयोगशाळेत बीजाला रासायनिक चालना देऊन पाहता येतं.

शुक्राणुनिर्मितीत दोन हजारांहून अधिक जनुकांचा हात असतो. त्यामुळे आजही अनेक पुरुषांना आम्ही कारण सांगू शकत नाही, आणि ही उणीव मला रोज टोचते. कारण मी पाहिलं आहे, उपचार नसला तरी उत्तरानं माणूस मोकळा होतो. वायच्या तपासणीचा निकाल समजावून सांगताना पुरुष हमखास विचारतात, ‘‘म्हणजे तरुणपणी हस्तमैथुन केलं म्हणून नाही ना, डॉक्टर?’’ नाही. गर्भात आल्यापासूनच ते गुणसूत्र तसं होतं. यात त्याची चूक नाही, आणि बायकोची तर नाहीच नाही.

म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी तपासून घ्यावं. रिपोर्ट ‘निल’ आला, तर शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी गुणसूत्रांची आणि वायची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारावं. मग मूल स्वतःचं, दात्याच्या शुक्राणूंपासून झालेलं, दत्तक घेतलेलं, की मुलाविना संसार, हे त्या दोघांनी ठरवावं. पूर्ण माहिती हातात असताना घेतलेला कोणताही निर्णय सन्मानाचाच असतो.