जंजिरा, पुन्हा काठावरूनच

“पुढच्या सुट्टीत जंजिरा, इन्शाअल्लाह.” हे वाक्य ऐकतच आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. अब्बा दोह्याला नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. त्यात कधी कुणाचं लग्न निघायचं, कधी घराच्या छपराचं काम, कधी दादीचं आजारपण. बघता बघता बॅगा भरायची वेळ यायची आणि जंजिरा पुढच्या सुट्टीवर जायचा.

खरं तर हा वायदा अम्मीला केलेला होता. तिचं आजोळ राजपुरीचं. लहानपणी सुट्टीत ती किल्ला रोज पाहायची, पण काठावरून. मामू मुलग्यांना होडीतून न्यायचे, मुलींना म्हणायचे, “तुम्ही मोठ्या झाल्यावर.” मोठी झाली तशी ती लग्न होऊन रत्नागिरीला, राजिवड्यात आली.

अब्बा गेल्या वर्षी कायमचे परतले. तोवर अम्मीचे गुडघे दुखू लागले होते. म्हणून या मे महिन्यात जायचंच असं मी ठरवलं आणि सगळी आखणी स्वतःकडे घेतली. वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या होत्या. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला आणि दिघीहून आगरदांडा. चारही फेरीबोटींच्या वेळा मी वहीत लिहून घेतल्या. अम्मीने आदल्या रात्री सांदणं केली, सुरमई तळली. फजरची नमाज होताच आम्ही निघालो. भाईजान गाडी चालवत होता. अब्बा मुलांना सांगत होते, “जंजिरा म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. सिद्दींचा किल्ला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजीराजांनी केले, पण तो कुणाच्या हाती लागला नाही. दरवाजा असा लपवलाय की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तळी मात्र गोड्या पाण्याची!” कलालबांगडी तोफेवर बसून फोटो काढायचा, असं धाकट्या पुतण्याने जाहीर करून टाकलं.

दुपार कलताना राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो. समोर काळा तट उभा होता. शिडाच्या होड्या मात्र पाण्यात नव्हत्या, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर न करताच सांगितलं, “दर्या खवळलाय. चार दिवस झाले बंद होऊन. आता पावसाळ्यानंतर या.”

पुतण्या रडू लागला. भाबी त्याला समजावत राहिली. अब्बा थोडा वेळ किल्ल्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह.”

माझा तोल गेला. “पुढची वेळ म्हणजे कधी, अब्बा? अम्मीचे गुडघे बघा जरा! होडीत चढायला जमेल का तिला तेव्हा?”

सगळ्यांसमोर बोलले. अब्बा काही न बोलता गाडीत जाऊन बसले. अम्मीने डबा उघडला, मुलांच्या हातात सांदणं दिली आणि माझ्याकडे वळली.

“चार फेरीबोटींच्या वेळा विचारल्यास. पाचवी होडी चालू आहे का, हे का नाही विचारलंस? फोन तर तुझ्याच हातात होता ना?”

मला उत्तर सुचलं नाही. मे महिना संपत आला की दर्या बदलतो, हे कोकणातल्या पोराला कळतं. मीरकरवाड्याच्या बंदरात बोटी परतताना दर वर्षी बघते मी. चूक माझी होती आणि राग मी त्या माणसावर काढला, ज्याने आमच्या फीसाठी, लग्नांसाठी आपल्या सुट्ट्या खर्ची घातल्या.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. दिघीकडे येताना फेरीबोटीच्या कठड्याशी अब्बा एकटेच उभे होते. मी जवळ गेले, म्हटलं, “अब्बा, माफ करा.” ते म्हणाले, “तू खोटं नाही बोललीस. आम्ही इन्शाअल्लाह म्हणायचो आणि तारीख ठरवायची राहून जायची. अल्लाहच्या मर्जीवर सोडायच्या आधी आपल्याकडून जे करायचं, ते केलंच नाही कधी.”

किल्ला पाहिला नाही याचं दुःख आजही आहे. सहल फसली ती फसलीच, तिला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण तेव्हापासून ‘इन्शाअल्लाह’ म्हणताना मी स्वतःला विचारते, हा निश्चय आहे की टाळाटाळ?

निघताना त्या म्हाताऱ्याकडून एका होडीवाल्याचा फोन नंबर मी लिहून घेतला होता. परवा त्याला फोन केला. होडीत चढताना अम्मीला आधार द्यायला दोन माणसं हवीत, हेही सांगून ठेवलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबरमधल्या एका रविवारी अब्बांनी पेनाने गोल केला. आधी तारीख मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग म्हणाले, “इन्शाअल्लाह.”